रोज गळ्यात दोन-तीन पदर: मंगळसूत्र, चेन, मोती एकत्र कसे घालता? (कोकणातली हवा धरून)

अबोली_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत बँकेत नोकरी करते, जाणं-येणं स्कूटरवर. रोज कुर्ता, अधूनमधून साडी. गळ्यात १८ इंची मंगळसूत्र कायम असतं. त्याच्या जोडीला एक बारीक सोन्याची चेन आणि आजीची मोत्यांची एकसरी घालायला मला फार आवडतं. सणावारीच नाही, अगदी मंगळवारी कॅश काउंटरवर बसतानासुद्धा. घरातले दागिने लॉकरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहण्यापेक्षा अंगावर असावेत असं मला मनापासून वाटतं.

अडचणी तीन. संध्याकाळपर्यंत चेन आणि मंगळसूत्र एकमेकांत पीळ घालून बसतात. जूनपासून हवा अशी ओली होते की खोट्याचा तर रंगच जातो आणि चांदी काळी पडते. आणि तिसरं म्हणजे मंगळसूत्र धरून तीन पदर झाले की 'फार झालं' असं दिसू नये, यासाठी लांबीचा काही हिशेब असतो का? जे खरोखर रोज घालतात त्यांनी सांगा.

सुरंगी

हिशेब असतो, आणि तो सोपा आहे. दोन पदरांत निदान दोन इंचांचं अंतर हवं. दोन इंच म्हणजे पाच सेंटीमीटर, साधारण तीन बोटं. मंगळसूत्र १८ ला असेल तर वरचा पदर १६ किंवा त्याहून आखूड, खालचा २० ते २२. तुमची चेन किती इंची आहे? बाजारात सगळ्यात जास्त खपते ती १८ चीच, त्यामुळे बहुतेकींची चेन आणि मंगळसूत्र एकाच रेषेत येतात आणि दिवसभर एकमेकांवर घासत राहतात. गुंता तिथेच सुरू होतो.

दुसरं, वजन. दोन्ही पदर सारखेच बारीक आणि हलके असले की चालताना सारखेच हलतात, गोल फिरतात आणि पीळ पडतो. सगळ्यात खालच्या पदराला थोडं वजन द्या. एखादं पदक किंवा पेंडंट असलं की तो जागेवर राहतो. मधला पदर वेगळ्या घडणीचा ठेवा. मंगळसूत्राला काळे मणी आहेतच, म्हणजे वरची साधी चेन, मध्ये मणी, खाली पेंडंट, इतकं पुरे.

आणि कुर्त्याचा गळा बघा. एखादा पदर बरोबर गळ्याच्या काठावर आला की तो कधी आत, कधी बाहेर. ते सगळ्यात वाईट दिसतं. एकतर काठाच्या स्पष्ट वर किंवा स्पष्ट खाली.

जांभा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते. मे महिन्यात घामाने मान भिजलेली असते. अशा हवेत तीन पदर म्हणजे मानेवर घामोळं. माझ्या बायकोने एकच चांगली चेन ठेवली आहे आणि तीच शोभते. पदरांची हौस पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात ठीक.

तिरफळ

गो बाये, माका तरी दोनच पुरे. तिसरी घातली काय बाजारात सगळे इचारतत, 'आज खय लगीन आसा?'

चौलची_चाफेकळी

@जांभा, पदर ही पुण्या-मुंबईची हौस कधीपासून झाली? ठुशी गळ्याशी, तिच्याखाली तन्मणी, मग बोरमाळ, मग मोहनमाळ, आणि सगळ्यात खाली लांब राणीहार. ही चढण आपल्या आज्या-पणज्यांनी बसवलेली आहे. प्रत्येक दागिन्याची लांबी ठरलेली असल्यामुळे एकावर एक येतच नाही. जोंधळी पोत, एकदाणी, पुतळ्यांची माळ या सगळ्यांना गळ्यावर आपापली जागा आहे. आणि त्या बायका पंख्याशिवायच्या घरात राहायच्या, पाणी शेंदायच्या, भात लावायच्या.

माझ्या मते रोजच्यासाठी सगळ्यात गुणी दागिना ठुशी. बारीक मण्यांची घट्ट वीण, मागे दोरा आणि गोंडा. गोंडा सरकवला की पाहिजे तशी आखूड किंवा सैल होते, गळ्याला बसते, हलत नाही, कशातही अडकत नाही. बंद गळ्याच्या कुर्त्यावर जरा सैल, साडीवर जरा वर. हल्ली चांदीवर सोन्याचं पाणी दिलेल्या लहान ठुश्या मिळतात, त्या सुती कुर्त्यावर इतक्या सुरेख दिसतात की दुसरं काही लागत नाही. ठुशी आणि मंगळसूत्र, झाले दोन पदर.

हर्णैची_लेक

आमच्याकडे हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. माझी आई वर्षानुवर्षं तिथे उभी राहून बोली लावते आहे. गळ्यात मंगळसूत्र, त्यावर सोन्याची माळ, कानात भरगच्च. अंगावर खारं पाणी उडतं, बर्फ असतो, टोपल्या उचलायच्या असतात. तिचं सोनं मी कधी खराब झालेलं बघितलं नाही. घरी आली की आधी माळ गोड्या पाण्यात खळबळून, फडक्याने टिपून, मग बाकीचं काम. नारळी पौर्णिमेला तर कोळीवाड्यातल्या बायकांचे पदर मोजून बघा!

त्यामुळे हवेला घाबरून दागिना काढून ठेवायचा हे मला पटत नाही. खरं सोनं असेल तर समुद्र त्याचं काही करत नाही. जपायचं ते हुकाला आणि कडीला.

जांभा

@हर्णैची_लेक, सोन्याचं मान्य. पण आज रोजच्या वापराला खरं सोनं तीन पदर घालणं किती जणींना परवडतं? दराकडे बघा. मग येतं एक ग्रॅमवालं, आणि तेच पंधरवड्यात तांबूस पडतं. माझा आक्षेप त्याला आहे.

बकुळ

@जांभा, हा मुद्दा रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

एक ग्रॅम सोन्याचे दागिने म्हणजे पितळ किंवा तांब्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. घाम आणि खारी हवा त्या मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आत जातात. समुद्राच्या हवेतला क्लोराइड तांब्याला आणि पितळेला खातो, मग रंग उतरतो, मानेवर हिरवट डाग पडतात. ज्यांना निकेल चालत नाही त्यांना पुरळ येतं. असा दागिना लग्नात चार तास घालायला उत्तम, कोकणात रोज घालायला नाही.

कमी पैशात रोजच्यासाठी दोन पर्याय मला पटले आहेत. एक, ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील. या प्रतीत मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेत साध्या ३०४ स्टीलपेक्षा ते चांगलं टिकतं. त्यावर सोनेरी रंगाचा पीव्हीडी थर (निर्वात पोकळीत वाफेने चढवलेला पातळ लेप) असेल तर तो साध्या मुलाम्यापेक्षा बराच चिवट असतो. विकत घेताना प्रत विचारा. दुसरा पर्याय, १४ किंवा १८ कॅरेटची बारीक खरी चेन. १८ कॅरेटवर ७५० आणि १४ वर ५८५ असा शिक्का असतो. २२ कॅरेटपेक्षा सोनं कमी, म्हणून किंमतही कमी, आणि मिश्रधातू जास्त असल्याने कडकही. रोजच्या ओढाताणीला बारीक चेन २२ पेक्षा १८ कॅरेटची जास्त पुरते.

एक पदर खरा आणि दुसरा स्टीलचा घातला तरी दिसायला काही बिघडत नाही. फक्त रंगाची छटा जुळवून घ्या. आपल्याकडच्या २२ कॅरेटचा पिवळा रंग गडद असतो, स्टीलवरचा सोनेरी बहुधा फिकट. शेजारी-शेजारी ठेवले तर फरक दिसतो, मध्ये काळे मणी आले की जाणवत नाही.

खाडीकाठची

चांदीबद्दल मी सांगते, कारण माझा जीव चांदीवर आहे आणि घर खाडीवर.

चांदी ओलाव्याने काळी पडते असं सगळे म्हणतात. खरं कारण गंधक. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो, ओलावा फक्त ते काम झपाट्याने करून देतो. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा, कांदळवनाचा जो वास येतो ना, कुजलेल्या अंड्यासारखा, तो हाच वायू. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, हवा न मिळणाऱ्या चिखलात जिवाणू त्यापासून हा वायू बनवतात. त्यामुळे खाडीजवळच्या घरात चांदी लवकर काळवंडते. इथे चांदी वापरायची तर रोज वापरा. अंगावर घासली जाऊन ती उघड्यावर ठेवलेल्या चांदीपेक्षा उजळ राहते.

काढून ठेवताना घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. लोकरीच्या कपड्यात किंवा रबराजवळ नको, दोन्हींत गंधक असतं.

काळी पडलीच तर भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल अंथरा, त्यावर दागिना, चमचाभर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी. काळ्या थरातलं गंधक फॉइलकडे जातं, चांदी घासली जात नाही. मात्र ऑक्सिडाइज्ड दागिन्याला हे चुकूनही करू नका. त्याचा काळा रंग मुद्दाम आणलेला असतो, तो सगळा निघून जाईल. मोती किंवा खडे जडवलेल्यालाही नको.

शिंपला

अबोली, आजीची एकसरी आहे हे वाचून न राहवून लिहिते. मोती रोज जरूर घाला, पण मंगळसूत्राला खेटून घालू नका. मोत्याचा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो काचेपेक्षा मऊ. काळे मणी काचेचे, चेन धातूची, दोन्ही त्याला घासून निस्तेज करतात. एकसरी गळ्यालगत १५-१६ इंचांवर बसवून घ्या आणि मंगळसूत्र खाली २० वर न्या. अंतर दोन इंचांऐवजी चार झालं तर मोत्यासाठी चांगलंच.

अत्तर, पावडर, सनस्क्रीन सगळं आटोपल्यावर मोती घालायचे आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी उतरवायचे. घाम आम्लधर्मी असतो, तो मोत्याला सोसत नाही. ओलसर मऊ फडक्याने पुसा आणि वारा लागू द्या. साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, आतला रेशमी दोरा भिजतो आणि आपल्या पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही.

दोरा जुना असेल तर आधी गाठवून घ्या. दोन मोत्यांमध्ये गाठ मारायला सांगा. मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर एखाददुसराच मोती निसटतो. बँकेच्या फरशीवर सगळी माळ विखुरली तर काय होईल याचा विचारही नको.

ड्यूटी_रात्रीची

मी परिचारिका आहे. आमच्या वॉर्डात लोंबणारा कुठलाच दागिना चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. रुग्णावर वाकताना माळ त्याच्या अंगाला लागते, जंतू इकडचे तिकडे जातात. लहान मुलांच्या वॉर्डात तर मुलं चेन धरून अशी ओढतात की डोस घेतल्याशिवाय सोडत नाहीत :)

त्यामुळे ड्यूटीवर मी आखूड मंगळसूत्र गणवेशाच्या आत ठेवते, बस. सुट्टीच्या दिवशी मात्र तीन पदर. काजूच्या कारखान्यात, पिठाच्या गिरणीत, यंत्राजवळ काम करणाऱ्यांनीही हेच करावं असं मी कळकळीने सांगेन. गळ्यातलं यंत्रात अडकून झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत.

देवगड_हापूस

एक शंका. माझ्या मुलीला तुळशीची माळ, बारीक चांदीची चेन आणि मण्यांची माळ अशी एकत्र घालायची आहे. इंटरनेटवर कुणाचं तरी पाहिलं. सासूबाईंना आवडलं नाही. काय करावं?

चौलची_चाफेकळी

@देवगड_हापूस, सासूबाईंचं मला पटतं. तुळशीची माळ वारकरी घालतात ती नेम म्हणून. माळकरी माणूस मासे-मटण खात नाही. घरी बांगड्याचं तिखलं आणि गळ्यात तुळस, हे ज्यांच्या घरी माळ आहे त्यांना लागतं. चंदनाच्या किंवा साध्या लाकडी मण्यांची माळ घ्या. सावंतवाडीला लाकूडकामाची एवढी परंपरा आहे, तिथे रंगीत मणी मिळतील.

गणपतीपुळेकर

तुळशीच्या माळेचा एवढा बाऊ नको. श्रद्धेने घातली तर कुणीही घालावी.

चौलची_चाफेकळी

श्रद्धेने घातली तर माझं काहीच म्हणणं नाही. शोभेला म्हणून पदरांत एक पदर, तेवढं नको.

सुरंगी

मंडळी, गाडी तुळशीवरून परत गळ्यावर आणूया :) आणि शंख-शिंपल्यांच्या माळा कुणी सुचवण्याआधी एक सांगते. काही शंख आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. किनाऱ्यावर दुकानात दिसलं म्हणून घेऊ नका. काचेचे, मातीचे मणी भरपूर आहेत.

सराफकट्टा

आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या सोनारकाम. गुंत्यावर कायमचा उपाय सोनाराकडे आहे, तो सांगतो.

दोन चेन रोज एकत्रच घालायच्या असतील तर दोन्हींची टोकं एकाच कडीत घेऊन मागे एकच फासा (अडकवायची कळ) लावून घ्यायचा. मागे एकच जोड राहतो, दोन्ही पदर आपापल्या लांबीवर ठरतात आणि एकमेकांभोवती फिरत नाहीत. तीन पदर असतील तर तीन कड्यांची आडवी पट्टी असलेला फासा येतो. काम छोटं आहे. शिवाय मागे दोन-तीन इंचांची जोडसाखळी लावून घ्या, म्हणजे कुर्त्याच्या गळ्याप्रमाणे लांबी बदलता येते. मंगळसूत्र मात्र वेगळंच ठेवा. ते कधी काढायचं, कधी नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

जुनी बोरमाळ रोज घालणाऱ्यांसाठी: मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते. गरम पाण्यात टाकू नका, लाख मऊ होते आणि मणी चेपतात. कोमट पाणी, रिठ्याचा फेस, मऊ ब्रश, तेवढंच. टूथपेस्ट नको, सोन्यावर बारीक ओरखडे पडतात. मोडीत देताना लाखेचं वजन वजा होतं हेही लक्षात असू द्या, मग वाईट वाटत नाही.

घरातल्या जुन्या चिठ्ठ्यांवर तोळे-मासे-गुंजा असतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्यात १२ मासे, माशात ८ गुंजा. आज बोलताना १० ग्रॅमला तोळा म्हणतात, त्यामुळे आजीचा 'एक तोळा' आणि दुकानातला 'एक तोळा' सारखे नाहीत.

नवीन चेन घेताना सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो लागतोच. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून फार हलकी चेन घेताना पावतीवर कॅरेट आणि वजन लिहून घ्या.

आणि वर्षातून एकदा हुक आणि कड्या दाखवून जा. चेन बहुधा मधून तुटत नाही, हुकाजवळची कडी झिजते.

हर्णैची_लेक

@सराफकट्टा, हेच मी म्हणत होते. आईची माळ कडीजवळच तुटली होती. नशीब, टोपलीत पडली, पापलेटांमध्ये सापडली.

जांभा

सगळं वाचलं. बायकोलाही दाखवलं. ती म्हणाली, 'ठुशी घ्यायची आहे.' आता मी काही बोलत नाही.

बकुळ

:D @जांभा, चौलच्या चाफेकळीचे आभार मानायला सांगा.

शिंपला

अबोली, एक राहिलं. स्कूटरवर हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली येतो आणि गळ्यालगतच्या पदरावर दाबतो. ओढणी वर आली तर चेनची कडी तिच्यात अडकते. गाडीवर असताना मोती डबीत, बँकेत पोचल्यावर गळ्यात. आणि बँकेचं ओळखपत्र गळ्यात असतं ना? त्याची दोरी हाही एक पदरच झाला. मोत्यांवर ती दिवसभर घासते. शक्य असेल तर ओळखपत्राला खिशाला लावायची क्लिप घ्या.

अबोली_रत्नागिरी

इतक्या मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. ओळखपत्राच्या दोरीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आजच क्लिप मागवली.

मोजून पाहिलं, माझी चेनही १८ चीच निघाली. सुरंगी, तुमचा अंदाज अचूक. आता असं ठरवते आहे: सोम ते शुक्र दोनच पदर. मंगळसूत्र आहे तिथे १८ वर, आणि चेनला जोडसाखळी लावून २१ च्या आसपास, खाली लहान पदक. मोत्यांची एकसरी साडीच्या दिवशी, गळ्यालगत, आणि त्या दिवशी चेन नाही. म्हणजे मोत्यांना फक्त मंगळसूत्राचा शेजार, त्यासाठी लांब मंगळसूत्र आहेच, २४ इंची. पावसाळ्यात खोटं काहीच नाही. @खाडीकाठची, चांदीच्या पिशवीची युक्ती आईला सांगितली, तिचं घर भाट्याच्या खाडीजवळ आहे.

आता एक शेवटचं. मोती गाठवून द्यायचे आहेत. रत्नागिरी-चिपळूण भागात असं काम डोळ्यांसमोर बसून करून देणारे पटवेकरी कसे शोधायचे? माळ ठेवून यायला जीव होत नाही.

सराफकट्टा

कुठल्याही जुन्या सराफी पेठेत विचारा, गाठवणारा माणूस दुकानांना माहीत असतो, तो बऱ्याचदा ठरावीक वारी येतो. गणपतीच्या आधीचे दिवस टाळा, तेव्हा सगळ्यांच्या पोती गाठायला आलेल्या असतात. जाताना मोती मोजून न्या आणि त्यांच्यासमोर पुन्हा मोजा. दोरा रेशमीच मागा, आणि फाशाजवळ दोन्ही टोकांना जिग लावायला सांगा. जिग म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, तिने फाशाच्या कडीवर दोरा झिजत नाही. एकसरी असेल तर समोर बसूनच होते, पाण्याची बाटली आणि थोडा वेळ घेऊन जा.